‘वाफ सोड’ एवढंच म्हणायचं होतं

तालमीतल्या गड्यांनो, हे पत्र फळ्यावर लावा, म्हणजे सगळ्यांच्या वाचनात येईल.

इथं गुजरातेत आमच्या कारखान्यात आज वडूजकडचा शंकर नवीन लागला. शिक्षण माझ्याएवढंच, सातवी नापास. वाफेच्या टाकीचं काम त्याला मी समजावून सांगायचं होतं. साहेब मागं उभा होता, म्हणून मी लय रुबाबात सांगितलं, “आधी वॉल्व क्लोज करायचा, प्रेशर रिलीज करायचं, मगच कव्हर ओपन करायचं. समजलं का रं?”

“व्हय की, समजलं,” म्हणत त्यानं मान हलवली.

त्याला कळलं नव्हतं. ते मला त्याच्या तोंडावरनंच दिसलं, कारण दोन वर्षांमागं मीही अशीच मान हलवली होती. घरी आईला कुकरचं सांगताना कोण रिलीज म्हणतं?

जेवणाच्या सुट्टीआधी त्यानं वाफ न सोडताच झाकण उघडलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

साहेबानं मला विचारलं, “सांगितलं होतंस ना?” मी होय म्हणालो. त्यानं कागदावर कामगाराची चूक असं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. आता शंकरला परत कामावर घेणार नाहीत.

दवाखान्यात तो मलाच म्हणाला, “तू नीट सांगितलंवतंस गड्या, माझंच टकुरं चाललं न्हाई.”

त्याला कळलं नव्हतं हे मला दिसलं होतं, असं साहेबाला जाऊन खरं सांगितलं तर माझीही नोकरी जाईल. मी अजून इथंच बसून हे लिहितोय. खरं सांगा, तुमच्यातला कोण साहेबाकडं गेला असता?