कवडीचा पाय

सोयगावकडच्या माळावर मुंजाबाच्या हाताचं लई नाव होतं. कुणाच्या मेंढीच्या पायाला जखम झाली आणि तिच्यात लालभडक मांस वर यायला लागलं, की लोक त्याच्याकडं धावायचे. बायको मंजुळाबाई मेंढीचा पाय आवळून धरायची, मुंजाबा तापलेल्या सळईनं डाग द्यायचा. मांस माजलं की पाय गेला, हा त्याचा कायदा. डागलेल्या मेंढ्या पुढं लंगडायच्या खऱ्या. पण लंगडी तर लंगडी, जिती हाय ना, म्हणायचा. आणि त्याच्या कवडी मेंढीचं उदाहरण तर साऱ्या तालुक्याला पाठ! तो बाजाराला गेला होता, तेव्हा त्याच्या सांगण्यावरून मंजुळाबाईनंच तिला डागलं होतं. कवडी पुढं हरणासारखी पळाली.

असा हा मुंजाबा आता गारखेड्यात, थोरल्या लेकाच्या, अंगदच्या घरात, पलंगावर पाय लांबवून बसला होता आणि पार भ्याला होता.

टाचेत बाभळीचा काटा मोडला, तो त्यानं मनावरच घेतला नाही. चार दिवसांत पाय सुजून मुसळ झाला, तापला, पू धरला. डॉक्टरांनी चिरून पू काढला, रक्तात साखर निघाली, आणि घरी सोडताना बजावलं, "जखम भरली तर पाय राहील. काळी पडली तर कापावा लागेल." दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा पाय गुडघ्याखाली नव्हताच. तेव्हापासून मुंजाबा सारखा आपला पाय चाचपून बघायचा, जागेवर आहे ना म्हणून.

एक दिवसाआड सत्यशीला सिस्टर पट्टी बदलायला यायची. तेवढा वेळ हा भिंतीकडं तोंड करायचा. जनावराचं सडलेलं बघून न कचरणारा गडी, स्वतःच्या टाचेकडं नजर टाकत नव्हता! "छान आहे मामा," सिस्टर म्हणायची. ही काय, सगळ्यांनाच छान म्हणत असंल, असं त्याला वाटायचं.

तीन आठवड्यांनी जखम खाजायला लागली. मेंढीची जखम खाजली म्हणजे आत अळ्या, एवढंच त्याला ठाऊक. भर दुपारी त्याला घाम फुटला. राहवेना, तशी त्यानं पट्टी ओढूनच काढली. चिकटलेला कपडा सुटला आणि रक्त आलं. आत डाळिंबाच्या दाण्यांसारखं लालभडक मांस वर आलेलं.

"मंजुळे," त्यानं हाक मारली, "मांस माजलं गं. पाय गेला माझा."

भिंत धरत तो स्वयंपाकघरात गेला. सळई गावाकडं राहिलेली. त्यानं उलथनं गॅसवर धरलं.

"अवो, काय करायलात?"

"डाग देतो. तू पाय धर."

"सिस्टरला फोन लावते मी."

"व्हय, म्हणजे ते करवत घेऊन येतील! धर म्हणतो ना!"

मंजुळाबाई खाली बसली. तिनं पाय मांडीवर घेतला, पण आवळला नाही, नुसती जखमेकडं बघत राहिली. उलथन्याची कड लाल झाली. एकदाचा डाग बसला की पाय वाचला, असं तो मनाला बजावत होता.

"मी कवडीला डागलंच नव्हतं," ती खाली बघत म्हणाली.

"काय?"

"गाभण व्हती ती. माझा हात धजला नाय. मिठाच्या कोमट पाण्यानं धुतलं अन् चिंधी बांधली, बस. तिचं असंच लाल व्हतं, असंच रक्त यायचं. मग कडंनं अशी पातळ कातडी धरली, ही बघा. तुमच्या भ्यानं बोलले नाय इतकी वर्षं."

हिचं खोटं ठरलं तर पाय जाणार. आणि खरं असंल तर? उलथन्याची धग तोंडाला लागत होती. मुंजाबानं जखमेकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि उलथनं नळाखाली टाकलं. ते केवढ्यांदा चर्रर्र वाजलं! मंजुळाबाईनं लगेच सिस्टरला फोन लावला.

अर्ध्या तासात सिस्टर आली. तिनं आधी दोघांनाही झापलं.

"मामा, पाय लाल होऊन सुजला होता ना, तेव्हा शरीर आतली घाण साफ करत होतं. आता ते खालून भराव घालतंय. हे लाल दाणे म्हणजे नवं मांस. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात, धक्का लागला की रक्त येतं. भरत आलेली जखम खाजतेही. यावर डाग दिला असता तर नवं मांस जळून काळं पडलं असतं, आणि मग खरंच पाय गेला असता."

नवी पट्टी बांधून ती गेली. मुंजाबा बराच वेळ पाय दोन्ही हातांनी धरून बसला. सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं, पण वाटेना.

"मंजुळे," त्यानं विचारलं, "मग बाकीच्या मेंढ्या गं?"

मंजुळाबाई काळं पडलेलं उलथनं घासत होती.

"कवडी सोडून," ती म्हणाली, "एकबी सरळ चालली नाय."