कानावर हात

माझी थोरली लेक आठ महिन्यांची असताना मी एक विनोद केला होता. आयुष्यात बरे विनोद मला थोडेच सुचले, आणि जो सर्वांत खपला तो असा अंगाशी आला.

तेव्हा मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. बिऱ्हाडात आम्ही दोघे आणि ही पोर. सांगणारे वडीलधारे कोणी जवळ नव्हते, त्यामुळे घरातला शहाणा माणूस मीच. एके दिवशी पोर किरकिर करू लागली. अंग कढत, लाळ गळतेय, आणि दर घटकेला उजवा हात उजव्या कानावर. मी तोंडात डोकावलो आणि निकाल दिला : दात येताहेत. कानावरच्या हाताचे काय, असे घरातून विचारणे झाले, तेव्हा मी म्हटले, "कारकुनाची लेक आहे. आमच्या कचेरीत काही विचारलं की सगळे कानावर हात ठेवतात. ही आत्तापासून शिकते आहे."

दुसऱ्या दिवशी हा विनोद कचेरीत सांगितला. खुद्द शिरस्तेदार हसले. मग काय, दोन दिवस मी येईल त्याला पोरीचा तो हात दाखवीत होतो. लोक हसत, पोर रडे, आणि मी फुगे.

बायको मात्र हसत नव्हती. ती मला पुनःपुन्हा तीन गोष्टी सांगत होती : अंगावर घेतली की दोन घोट घेते आणि सोडून किंचाळते, मांडीवर आडवी केली की रडणे वाढते, खांद्याशी उभी धरली की थांबते. मी तिन्हींना एकच उत्तर दिले, की दातांचे असेच असते. कचेरीत मी दिवसाला वीस अर्ज वाचीत असे. घरातला अर्ज वाचायचे काम मला पडले नाही.

त्यात मला आणखी एक खोडी सुचली. मुलाला वरचा दात आधी आला तर तो मामाला जड, अशी समजूत. माझा मेहुणा कल्याणास राही आणि असल्या गोष्टींना फार भिई. 'वरच्या हिरडीवर काही पांढरे दिसते' एवढेच मी त्याला लिहिले. रविवारी सकाळच्या आगगाडीने स्वारी दारात हजर. पाय न धुता त्याने भाचीचे तोंड उघडले. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने मी, असे दोन सुशिक्षित गृहस्थ त्या एवढ्याशा तोंडात चिमणीच्या घरट्यात पाहावे तसे पाहत होतो. वर नाही, खाली नाही, पांढरे कुठेच काही नाही. मामाचा जीव भांड्यात पडला. मग त्याला भाचीची काळजी सुचली. लसूण घालून तेल कडकडीत करावे आणि दोन थेंब हिरडीला, दोन कानात सोडावे, म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त, असे त्याचे मत पडले. मला ते पटले. तेल चुलीवर चढले.

एवढ्यात बाळकुमची मीठवाली आली. खाडीकडच्या आगरातले मीठ घेऊन ती आठवड्याला येई. पाटी उतरवता उतरवता तिने बायकोकडून तीन दिवसांची हकीकत ऐकली, पोरीकडे पाहिले, आणि तिला हातांवर आडवे केले, उजवा कान खाली. पोरीने टाहो फोडला. उभी केली, टाहो थांबला. मग बोट धुऊन तिने ते पोरीच्या हिरडीवर दाबले. पोरीने तोंड फिरवले.

"दात नाय, दादा. कान हाय," ती म्हणाली. "दाताचा पोर बोट सोडत नाय, चावत बसतंय. हिला तोंड हालवला तरी कानात कळ जातंय."

मी तिला हिरड्यांविषयी काही सांगू लागलो.

"तीन दिस ती हात लावून दावतेय ना कुठं दुखतंय ते? आनखी कसा सांगल?"

माझा विनोद मला त्या क्षणी पहिल्यांदा कळला. चुलीवरच्या तेलाचा वास तिला आला, तशी ती बायकोकडे वळली. "कानात काय घालू नको, बाय. मीठ तापव, फडक्यात बांध, तुझ्या हाताला सोसतंय का बघ, मंग भायरून शेक."

तिच्याच पाटीतले मीठ तव्यावर तापले. पुरचुंडीने शेकता शेकता पोर खांद्यावर निजली. तेल मामाने मुकाट्याने भाजीत ओतवले. दुसऱ्या दिवशी दुपारी कान फुटला, उशीवर पिवळा डाग पडला आणि ताप उतरला. वैद्यांनी पाहिले, कान कोरडा ठेवा म्हणाले, आणि जाता जाता सहज विचारले, "ऐकू येतं ना?"

त्या 'ना'ने माझी झोप उडवली. कान वाहायचा थांबला तसे माझे प्रयोग सुरू झाले. पोर पाठमोरी बसली की मी मागून देवाची घंटा वाजवी, ताटली आपटी, एकदा तर कोंबड्यासारखा आरवलो. शेजारी डोकावले, पोर ढिम्म. ती माझी पगडी चावण्यात गढलेली असे, हे बायको सांगे. मला ते पटत नसे. मी थट्टेत घालवलेल्या दिवसांनी हिचा कान नेला, हेच मनात घोळे. तिच्या कानाकडे कानाडोळा करणारा मी, आता दुसरे काही पाहू शकत नव्हतो.

असे पंधरा-वीस दिवस गेले. पोर ओटीवर दाराकडे पाठ करून बसली होती, तोंडात पगडीचे टोक. मी घंटा घेऊन मागे दबा धरून बसलो होतो. तोच आळीच्या टोकाकडून बारीक हाळी आली, "मीऽऽठ". मला ती जेमतेम ऐकू आली.

पोरीने पगडी टाकली आणि सर्रकन मान वळवली. हसली तेव्हा खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा दात दिसला. मामाला पत्र घालायला हवे होते. पण आधी मी घंटा देवापाशी ठेवून आलो, आणि गरज नसताना शेरभर मीठ घेतले.