झग्याच्या घंट्या

इकडे आखातात, अल कुसैसमधले आमचे टेलर मास्टर मूळचे रत्नागिरीकडचे. दिवसभर अरबांचे पांढरे पायघोळ कंदुरे शिवायचे. प्रत्येक टाका दोनदा ओढून बघायचे आणि मगच, काम पक्कं झालं म्हणून, म्हणायचे, "खलास."

चर्चमधल्या मुलांच्या नाटकासाठी मी त्यांच्याकडून प्राचीन इस्राएलच्या मुख्य याजकाचा निळा झगा शिवून घेतला. बायबलमध्ये लिहिल्याप्रमाणे खालच्या घेराला एक घंटी, एक कापडी डाळिंब, पुन्हा घंटी, पुन्हा डाळिंब.

"चिकटवून टाका मास्टर, एका दिवसाचं तर काम," मी म्हटलं.

"घंटी कशाला असते, ताई?"

"याजक देवासमोर जाताना आवाज यावा म्हणून. नाहीतर तो मरेल, असं लिहिलंय."

"मग चिकटवून कसं चालेल?" म्हणत त्यांनी एकेक घंटी हाताने शिवली.

तालमीत त्या आवाजापुढे मुलांचे संवाद ऐकू येईनात. मी कात्रीने सगळ्या घंट्या काढल्या.

नाटकाला मी मास्टरांना बोलावलंच नव्हतं. तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. याजक आत गेला, बाहेर आला, पण कसलाच आवाज झाला नाही. नंतर ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "टाके सुटले का हो, ताई? झगा आणा, परत लावून देतो."

मी "हो" म्हटलं. घरी घेरावर उरलेले कापलेले दोरे एकेक वेचून काढले आणि मगच झगा दुकानात नेला.

मास्टरांनी दुहेरी दोऱ्याने सगळ्या घंट्या पुन्हा शिवल्या. प्रत्येक टाका चार-चारदा ओढून पाहिला. 'खलास' मात्र म्हणाले नाहीत.