लाडावलेलं लॅव्हेंडर

ऐका ना, हे आत्ताच सांगितलं नाही तर माझं पोट दुखेल! कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी माळावरून रानलॅव्हेंडरची रोपं आणून दोन कुंड्यांत लावली होती. एका कुंडीला लॅब झाडणाऱ्या सुमनमावशी दया येऊन रोज मगभर पाणी घालायच्या. दुसरी खिडकीत तहानेने वाळत पडली. मागच्या आठवड्यात दोन्हींचं तेल काढून जंतूंच्या बश्यांमध्ये एकेक थेंब टाकला. लाडक्या रोपांच्या थेंबाभोवती जंतू मजेत वाढले. तहानलेल्यांच्या थेंबाभोवती मात्र स्वच्छ गोल, सगळे जंतू खल्लास! मी तर नाचलेच.

मावशी म्हणाल्या, "म्हंजे माझं पाणी वाया गेलं व्हय गं?"

"वाया कसलं मावशी, बिघडवलंत तुम्ही त्यांना!"

त्या हसल्या नाहीत. "माझी सासूबी हेच म्हणायची. पोरीला पोटभर घालू नको, बिघडंल."

तरी मी त्यांच्या हातातला मग काढून घेतला. मार्क हवेत ना! आज मावशींच्या कुंडीतलीही पानं सुरकुतलीत, आणि काय भन्नाट वास सुटलाय म्हणून सांगू! कुणाला सुकताना बघून तुम्हालाही कधी असं छान वाटलंय का हो?