संवादाचे वीस गुण

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची आमची प्रात्यक्षिक परीक्षा शहापूरच्या एका दवाखान्यात होती. खाटेवर तानशाकडच्या पाड्यावरची एक गरोदर बाई होती. आम्ही चौघींनी पाळीपाळीनं तिची विचारपूस करायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी शेजारी उभं राहून गुण द्यायचे. माझ्या आधीच्या तिघींनी पुस्तकातलंच विचारलं, "आपणास काही त्रास जाणवतो का?" तिघींनाही ती "नाय" एवढंच म्हणाली.

मी त्याच भागातल्या टोकावड्याची. तिच्याजवळ टेकले आणि घरी बोलते तसं विचारलं, "काय गो, पोर हलतंय ना?"

तिला रडूच फुटलं. "कालपासून नाय हलत गो."

परीक्षा तशीच टाकून मी डॉक्टरांना बोलवायला धावले. त्यांनी तिला लगेच गाडीत घालून ठाण्याला पाठवलं. पोर वाचलं.

निकाल लागला तेव्हा 'रुग्णाशी संवाद' या रकान्यात मला वीसपैकी सहा गुण होते. पुढे शेरा होता, 'भाषा अशुद्ध'. माझं विशेष प्रावीण्य चार गुणांनी हुकलं. मी तरातरा प्राचार्य बाईंकडे गेले. त्या मान वर न करता म्हणाल्या, "प्रात्यक्षिकाच्या गुणांची फेरतपासणी होत नाही. नियम आहे."

डोंबलाचा नियम! इतकी वर्षं नोकरी केली, तरी तो निकालाचा कागद हाती आला की अजून डोकं फिरतं. सहा गुणांचं एक वेळ सोडून देईन.

पण त्या तिघींना संवादाला सोळा-सोळा होते.