साहेबांसाठी थांबलेला फोटो

नर्सआत्या साऱ्या जगाला अरे-तुरे करते. अहो म्हणते ती फक्त आपल्या बोक्याला. अकोल्याच्या दवाखान्यात तिची सारी नोकरी झाली. तिथल्याच एका रिकाम्या खुर्चीत तिला तो सापडला. "उठोलं तरी उठला नाई," ती सांगते, "मंग साहेबच म्हना लागते." तेव्हापासून घरात "साहेब, जेवता का?" सुरू झालं.

बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे तिच्याकडे जमतो. पांढरे कपडे घालून विहारात निघण्याआधी अंगणात एक फोटो काढायचा, हा रिवाज. आत्याची अट एकच : "घरातलं कोनी सुटलं नाई पाह्यजे." त्या घरातल्यांत साहेबही आले, आणि साहेबांना फोटोचं वावडं. मोबाइल वर झाला की ते टाकीवर, नाहीतर कूलरखाली. आत्या त्यांच्या मागे. ऊन चढू लागतं, मग बाकीचे फोटो उरकून घेतात. कित्येक वर्षांच्या फोटोंत म्हणूनच आत्या नाही. फार तर एखाद्या कोपऱ्यात तिचा पदर दिसतो.

गेल्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. बाबा तिचा धाकटा भाऊ, अमरावतीच्या शाळेत मास्तर होते. वॉकर धरून ते चालू लागले, पण वाचा परत येईना. आत्या रोज संध्याकाळी फोन करायची. "भाऊ, म्हन, आऽ." बाबांच्या घशातून नुसती घरघर यायची आणि ते शरमेनं तोंड फिरवायचे. एकदा न राहवून मी म्हणाले, "आत्या, राहू दे आता. त्यांना त्रास होतो."

ती कडाडली, "तुले काय समजते? शब्द तोंडातच हाये, रस्ता चुकून राहिला फक्त. मी थकली नाई, तू काहून थकली?"

यंदा बाबांना अकोल्याला न्यायला आई तयार नव्हती. चारचौघांत त्यांना अवघडल्यासारखं होईल, असं तिला वाटत होतं. आत्यानं ऐकूनच घेतलं नाही. "आन त्याले. तो नाई तर फोटो नाई."

सकाळी अंगणात बारा-पंधरा जण उभे राहिलो. बाबा मधोमध खुर्चीत. साहेब कुंपणाच्या भिंतीवर. दूध दाखवून झालं, सुके बोंबील दाखवून झाले. माझ्या नवऱ्यानं धरायला हात घातला, तर मनगटावर तीन ओरखडे उमटले. "या ना साहेब, दोनच मिंटं," आत्याची आर्जवं चालली होती. वीसेक मिनिटांनी साहेब उतरले. तिनं त्यांना उचललं, ती बाबांशेजारी येऊन उभी राहिली, मी सेल्फीसाठी मोबाइल वर केला, आणि साहेब निसटायला धडपडू लागले.

तेवढ्यात बाबा वॉकरला धरून उठले. चेहरा लालबुंद. मागच्या बाकांवर गोंधळ झाला की ते वर्गात असेच उठत.

"बस... बे!"

साहेब चक्क थिजले. माझा अंगठा कधी दाबला गेला, मलाही कळलं नाही.

त्या फोटोत सगळे बाबांकडे बघताहेत. आईचा हात छातीवर आहे. आत्या हसतेय आणि तिच्या गालांवर पाणीही आहे. कॅमेऱ्याकडे बघणारे एकटे साहेब.

"बे म्हनला! साहेबाले बे म्हनला माहा भाऊ!" आत्या गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली. आई तिच्या गळ्यात पडली. जरा वेळानं मी म्हटलं, नीट दुसरा काढू या.

"काहून? याच्यात काय कमी हाये?"

ऊन उतरल्यावर आम्ही अमरावतीला निघालो. आत्या फाटकाबाहेर गाडीपर्यंत आली. बाबांनी काच खाली करायला लावली. बराच वेळ त्यांचे ओठ जुळवाजुळव करत राहिले. आम्ही कुणी घाई केली नाही.

"ये... तो."

आत्यानं खिडकीतून त्यांचा हात घट्ट धरला. पदरानं नाक पुसलं.

"ये. अन् पुढच्या टायमाले हे वॉकर घरीच ठेवून ये."