धामण घेणारा म्हातारा

बडनेरा स्टेशनबाहेर गारुड्यासमोर उकिडवा बसलेला एक म्हातारा मला आठवतो. त्याला पाळायला साप हवा होता. गारुड्यानं नाग दाखवला. "दात काढलेत, भिऊ नका."

"जखमी जनावर नको मले. धामण दे, बिनविषारी."

तिचं तोंड शिवलेलं नाही ना, हे त्यानं वाकून पाहिलं आणि टोपलीचं झाकण दोरीनं घट्ट बांधून घेतलं.

न राहवून मी विचारलं, "बाबा, सापच काहून? कुत्रं पाळा ना."

"कुत्रं दारात वाट पाह्यत बसते, बाप्पा. माणूस वापस नाई आला, तरी बसते."

अकोल्याची पॅसेंजर आली, तसा तो टोपली छातीशी धरून चढला. त्याचं कुणी परतलं नव्हतं, की तोच परतणार नव्हता, मला अजून उमगलेलं नाही.